नेव्हिगेशन सायनसला बरोबर, कानाच्या केसलाच चुकतंय: काय बघायचं

नेव्हिगेशन म्हणजे ऑपरेशन चालू असताना हत्याराचं टोक पेशंटच्या सीटीवर कुठे आहे ते स्क्रीनवर दाखवणारं मशीन, आणि त्याची तक्रार दरवेळी एकच असते. रजिस्ट्रेशन (पेशंटचं डोकं आणि सीटी एकमेकांशी जुळवणं) झालं, स्क्रीनवर ०.७ नाहीतर ०.८ मिमी आलं, हिरवी खूण पडली, नाकाच्या शेंड्यावर पॉइंटर टेकवला तर स्क्रीनवर पण नाकाच्या शेंड्यावरच, सगळे खूश. मग डोकं वळवलं, ड्रेप (निर्जंतुक चादरी) पडले, कानामागे चीर घेतली, ऑपरेशन करणाऱ्या सरांनी पॉइंटर उघड्या मास्टॉइडच्या (कानामागच्या) हाडावर ठेवला आणि स्क्रीनवर त्याचं टोक हवेत, नाहीतर हाडात २-३ मिमी आत घुसलेलं. त्यानंतरचं वाक्य पण ठरलेलं, "अरे हे मशीन गंडलंय बे, मागच्या आठवड्यात सायनसला तर एकदम ओके होतं."

मग पुण्याहून सर्व्हिसवाला येतो, त्याच्या चाचणीच्या ब्लॉकवर सगळे आकडे पास होतात, रिपोर्टवर सही घेतो आणि जातो. पुढच्या कानाच्या केसला परत तेच. मी सोलापुरात ओटीत मशीन लावायचं काम करतो, आमच्याकडे नेव्हिगेशन एकतर मुळात सायनससाठी घेतलेलं असतं किंवा केसपुरतं पुण्याहून भाड्याने येतं, आणि सगळ्यांच्या हाताला सवय सायनसची लागलेली असते. तीच सवय कानाला नडते. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

आधी तो स्क्रीनवरचा आकडा कशाचा आहे ते डोक्यात फिट करा, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. तो आकडा सांगतो की तुम्ही पेशंटच्या चेहऱ्यावर घेतलेले बिंदू आणि सीटीतले तेच बिंदू एकमेकांवर किती नीट बसले. याला एफआरई म्हणतात. तो कानाच्या आतल्या चुकीबद्दल काहीच बोलत नाही. आपल्याला हवी असते टीआरई, म्हणजे जिथे ड्रिल चालणार त्या जागेवरची चूक, आणि ती मशीनला कळायचा मार्गच नाही कारण तिथे त्यानं काही मोजलेलंच नसतं. काही कंपन्यांची सॉफ्टवेअर स्क्रीनवर रंगीत गोल दाखवतात, हिरव्या भागात अचूकता चांगली वगैरे, तो अंदाज असतो, मोजमाप नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या फिट्झपॅट्रिक यांनी १९९८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर याचं गणित मांडलं आणि २००९ मध्ये तर सरळ दाखवून दिलं की बिंदू जुळवण्याच्या पद्धतीत एफआरई आणि टीआरई यांचा एकमेकांशी संबंध नसतो. म्हणजे एखाद्या केसला ०.६ आलं आणि दुसऱ्याला १.१ आलं म्हणून ०.६ वाली केस कानात जास्त अचूक, असं म्हणता येत नाही.

दाराचं बघा ना, बिजागरीपाशी दार जेमतेम हललेलं दिसतं पण कडीकडची बाजू वीतभर फिरलेली असते. आपण बिंदू घेतो कपाळ, नाक, डोळ्यांच्या कडा इथे. त्यांचा मध्य चेहऱ्यावर पडतो आणि मास्टॉइड तिथून मागे-बाजूला साधारण १०० मिमी. रजिस्ट्रेशनमध्ये फक्त १ अंशाचा फिरकीचा फरक पडला तरी १०० मिमीवर तो पावणेदोन मिमी होतो (१.७५). सायनस चेहऱ्याच्या मागेच असल्यामुळे तिथे तोच १ अंश कळत पण नाही. म्हणून सायनसला ओके आणि कानाला बोंब.

आता एक अजून गंमत, ही बऱ्याच जणांना माहीत नसते. बिंदू कमी केले की स्क्रीनवरचा आकडा सुधारतो. समजा प्रत्येक बिंदू टिपताना साधारण १.५ मिमीची चूक होते. मग ८ बिंदू घेतले तर एफआरई सरासरी १.३ च्या आसपास येईल, ४ घेतले तर १.०६, आणि ३ च घेतले तर ०.८७. आकडा छान दिसायला लागला! पण खरी चूक उलटी वाढली, बिंदूंच्या मध्यावरच ८ बिंदूंना ०.५३ होती ती ३ बिंदूंना ०.८७ झाली, आणि मध्यापासून लांब गेलं की अजून वाढणार. त्यामुळे "हा बिंदू लाल येतोय, डिलीट मार" ही जी सवय आहे ती सोडा. लाल बिंदू का लाल आला ते बघा, परत घ्या, खरंच स्टिकर सरकलाय असं डोळ्यांनी दिसलं तरच काढा. आकडा हिरवा करण्यासाठी बिंदू उडवणं म्हणजे स्वतःलाच फसवणं आहे.

कानाला किती अचूकता लागते हे पण स्पष्ट असू दे. मास्टॉइडमधली फेशियल नर्व्ह (चेहरा हलवणारी नस) एक-दीड मिमी जाडीची. कॉक्लिअर इम्प्लांटला ज्या फटीतून आत जातात ती फेशियल नर्व्ह आणि कॉर्डा टिम्पॅनी (चवीची बारीक नस) यांच्यामधली जागा जेमतेम २-३ मिमी. म्हणजे २ मिमी चुकणारं नेव्हिगेशन सायनसमध्ये चालून जाईल, इथे ते नर्व्हच्या या बाजूला आहोत का त्या बाजूला हेच सांगू शकत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या टीमनं २०१७ मध्ये रोबोटनं कॉक्लिआपर्यंत बोगदा पाडल्याचं प्रसिद्ध केलं, त्यांचा बोगदा होता १.८ मिमीचा आणि त्यासाठी त्यांनी आधी प्रयोगशाळेत ०.१५ मिमीच्या आसपासची चूक गाठून दाखवली होती. पण त्यांनी ते चेहऱ्यावर लेझर फिरवून (म्हणजे एकेक बिंदू न घेता चेहऱ्याचा आकार टिपून) केलेलं नाही. हाडात स्क्रू, खास सीटी, डोकं घट्ट बांधलेलं, शिवाय नर्व्ह मॉनिटर (नस जवळ आली की इशारा देणारं यंत्र). आपण चेहऱ्यावर लेझर फिरवून त्यांच्यासारख्या आकड्याची अपेक्षा करतो, इथेच बिघडतं.

तसं बघितलं तर कान हा नेव्हिगेशनसाठी आदर्श भाग. मेंदूचं ऑपरेशन करताना कवटी उघडली की मेंदू सरकतो, सीटी-एमआरआय जुना होऊन जातो. टेम्पोरल बोन, म्हणजे ज्यात कान बसलेला असतो तो भाग, सगळं हाड, ते कुठे जात नाही. (आणि हे तंत्र सुरुवातीला वाढवण्यात कान-नाक-घसावाल्यांचाच मोठा हात, १९८० च्या दशकात जर्मनीत आखेनला श्लोंडॉर्फ यांच्या विभागात याच्यावर काम झालं. न्यूरोवाले सगळं श्रेय घेऊन जातात तो भाग वेगळा.) तर हाड हलत नाही, म्हणजे चूक आली की ती बाहेरून आलीय, आणि बाहेरून आली म्हणजे शोधता येते.

शोधायला आधी चूक कशी वागते ते बघा, किती आहे ते नंतर. ड्रेप टाकायच्या आधी, डोकं ऑपरेशनच्या पोझिशनला वळवून झाल्यावर, पॉइंटर पाच ठिकाणी टेकवा: नाकाचा शेंडा, त्याच बाजूची डोळ्याची बाहेरची कड, कानाच्या पुढे झायगोमाचं (गालाच्या हाडाचं) मूळ, मास्टॉइडचं टोक, आणि शक्य असेल तर विरुद्ध बाजूचं मास्टॉइड. त्वचा दाबू नका, फक्त टेकवा, कानामागची त्वचा दाबली की २ मिमी तिथेच जातात. आता नाकावर बरोबर आणि मागे मागे जाताना चूक वाढत जात असेल तर ही फिरकी आहे, रजिस्ट्रेशनच्या बिंदूंचा दोष. सगळीकडे सारखीच आणि एकाच दिशेला चूक असेल तर ट्रॅकर (डोकं कुठे आहे ते मशीनला सांगणारी, डोक्याला लावलेली खूण) सरकलाय. पॉइंटरनं बरोबर येतंय आणि ड्रिलनं चुकतंय तर हत्याराचं कॅलिब्रेशन. सुरुवातीला बरोबर होतं आणि तासाभरानं चुकायला लागलं तर परत ट्रॅकर, किंवा कॅमेरा. आणि स्क्रीनवर टोक जागच्या जागी थरथरतंय, उड्या मारतंय, तर मार्कर गोळ्यांवर (हत्यारावरच्या, कॅमेरा ज्या बघतो त्या) रक्त-पाणी, नाहीतर इलेक्ट्रोमॅग्नेटिक मशीन (कॅमेऱ्याऐवजी चुंबकीय फील्डवर चालणारं) असेल तर जवळपास लोखंड. एवढं ओळखलं की अर्ध्या तासाची शोधाशोध वाचते.

आता सीटी. माझ्या मते सोलापुरात सगळ्यात जास्त केसेस इथेच बिघडतात आणि ओटीत कुणाला पत्ताच नसतो. कानाचा पेशंट म्हटलं की चिठ्ठीवर लिहिलं जातं "एचआरसीटी टेम्पोरल बोन". सेंटरवाले त्यांच्या जागी बरोबर असतात, ते प्रत्येक कान वेगळा मोठा करून १०० मिमीच्या आसपासच्या चौकटीत देतात, ५१२ च्या मॅट्रिक्सला एक पिक्सेल ०.२ मिमीचा पडतो, हाड काय सुंदर दिसतं. पण त्या चौकटीत चेहराच नाही! नाक नाही, कपाळ नाही, दुसरा कान नाही. मग लेझर फिरवायचा कशावर? ऐनवेळी कुणीतरी पेशंटचा सहा महिन्यांपूर्वीचा ब्रेनचा सीटी शोधून आणतं, त्यात ५ मिमीच्या स्लाइस, कधीकधी गॅन्ट्री (सीटीचं गोल कडं) तिरकी केलेली, आणि त्याच्यावर रजिस्ट्रेशन होतं. मग चूक आली तर नवल काय. अजून एक प्रकार म्हणजे इंडी, विजापूर, अक्कलकोटकडून आलेले पेशंट नुसती फिल्म घेऊन येतात, सीडी मागितली की सीडीवर जेपीजी असतात, नाहीतर डायकॉम (सीटीची मूळ फाइल, मशीनला तीच लागते) असतं पण सेंटरनं जागा वाचवायला जाड स्लाइसच ठेवलेल्या आणि पातळ स्लाइस दोन-चार दिवसांत मशीनवरून उडवलेल्या.

म्हणून चिठ्ठीवर नीट लिहून द्या आणि शक्यतो सेंटरच्या टेक्निशियनला फोन पण करा, चिठ्ठी पेशंटच्या पिशवीत तशीच राहते. काय सांगायचं: एकाच स्कॅनमधून दोन सिरीज द्या. एक पूर्ण डोक्याची, नाकाच्या शेंड्यासकट, कपाळ, दोन्ही कान, दोन्ही मास्टॉइडची टोकं सगळं चौकटीत, स्लाइस ०.६ च्या आसपास, मधे गॅप नाही, गॅन्ट्रीचा कोन शून्य. दुसरी नेहमीची कानाची मोठी केलेली. दोन्ही एकाच स्कॅनमधून निघाल्या की त्यांचे कोऑर्डिनेट एकच राहतात, बहुतेक नेव्हिगेशन सॉफ्टवेअर त्या एकमेकांवर बसवतं, म्हणजे रजिस्ट्रेशन पूर्ण डोक्यावर आणि बघायला बारीक कान. पूर्ण डोक्याची चौकट २५० मिमी धरली तर पिक्सेल जवळपास अर्ध्या मिमीचा होतो, हे लक्षात ठेवा, त्याहून बारीक अचूकता त्या सिरीजमधून मागू नका. कपाळाला पट्टा आवळू नका, पट्ट्यानं कातडी दबते आणि ऑपरेशनच्या दिवशी तेच कपाळ फुगलेलं असतं, लेझर रजिस्ट्रेशनला हे सरळ नडतं. बुगड्या, कानातलं, नथ, चमकी काढायला लावा, आपल्याकडच्या बायका चमकी काढायला तयार नसतात, मावशींना सांगितलं तर त्या बरोबर समजावून काढायला लावतात. आणि डायकॉम आल्यावर आदल्या दिवशीच मशीनमध्ये टाकून बघा. ऑपरेशनच्या सकाळी सात वाजता सेंटर बंद असतं.

रजिस्ट्रेशनवर आलो. एक तर ठरवून टाका, कानाच्या केसला नुसत्या चेहऱ्याच्या लेझरवर विसंबायचं नाही. त्यानं मास्टॉइडवर दीड-दोन मिमी किंवा त्याहून जास्त चूक राहते, नशीब चांगलं असलं तर कमी. अचूकतेत सगळ्यात वरचा प्रकार म्हणजे हाडात बसवलेले बारीक टायटॅनियम स्क्रू, सीटीच्या आधी लोकल भूल देऊन, कानाच्या भोवती, किमान चार. एका रेषेत घालू नका, एकाच पातळीत पण नको, कानाला मधे घेतील असे पसरून. बिंदूंचा मध्य जितका कानाजवळ तितकी चूक कमी, आणि बिंदूंचा पसारा जितका मोठा तितकी फिरकी कमी, गणित एवढंच आहे. ढोबळ हिशेब सांगतो, बिंदूंचा पसारा ४० मिमी आणि कान १०० मिमी लांब असेल तर मध्यावर असते त्याच्या दुपटीहून जास्त चूक कानात येते. तेच बिंदू कानाभोवती असतील तर ही वाढ जवळपास उरतच नाही.

पण स्क्रूला पेशंट तयार होत नाहीत, इम्प्लांटची लहान पोरं असतील तर स्क्रूसाठी आणि सीटीसाठी वेगळी भूल द्यावी लागते, भूलतज्ज्ञ मॅडम आधी नाही म्हणतात आणि त्यांचं पण चुकीचं नाही. मधला मार्ग म्हणजे वरच्या दातांवर बसणारा साचा, त्याला मार्कर लावलेले, सीटीला घालायचा आणि ऑपरेशनला परत तोच घालायचा. दंतवैद्याकडून ठसा घेऊन बनवता येतो. अट एकच, तो दातावर घट्ट बसला पाहिजे, हलता कामा नये, आणि मार्कर नुसते तोंडापुढे न ठेवता साच्याच्या दांडीवरून कानाच्या दिशेला नेलेले हवेत. दात पडलेल्या आजोबांना हा उपाय बाद. चिकटवायचे स्टिकर मार्कर हा तिसरा पर्याय, स्वस्त आहे पण कातडीवर आहे. कानामागच्या सैल कातडीवर चिकटवू नका, मास्टॉइडच्या टोकाच्या वर जिथे कातडी हाडाला लागून आहे तिथे, कपाळाच्या दोन्ही बाजूंना, आणि विरुद्ध कानाच्या वर. स्टिकरभोवती पेनानं गोल करा म्हणजे सरकला तर दिसेल. मे महिन्यात सोलापुरात ४२-४३ डिग्रीत पेशंट सीटी करून वॉर्डात झोपला की घामानं स्टिकर सुटतो, आणि नातेवाईक प्रेमानं परत चिकटवून देतात. "सुटलं होतं सर, आम्ही लावलं नीट." झालं. त्यामुळे सीटी आणि ऑपरेशन एकाच दिवशी ठेवता आलं तर बघा.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी निदान एवढं करावं: आधी चेहऱ्यावर रजिस्ट्रेशन, मग चीर घेऊन हाड उघडं झाल्यावर हाडावरचे ओळखीचे बिंदू घालून ते सुधारावं. झायगोमाचं मूळ, कानाच्या भोकाच्या वरचा तो हेन्लेचा काटा, मास्टॉइडचं टोक. हे बिंदू स्क्रूइतके नेमके सापडत नाहीत, सीटीवर काट्याचं टोक नक्की कुठलं यावर दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही, पण ते कानाजवळ आहेत आणि मधे कातडी नाही, तेवढ्यानं बराच फरक पडतो. कोलेस्टिॲटोमाची (कानातलं हाड खाणाऱ्या गाठीची) दुसऱ्यांदा होणारी केस असेल, आधीच्या मास्टॉइडेक्टमीत (मास्टॉइड कोरायच्या ऑपरेशनमध्ये) काटाच गेलेला असेल, तर मात्र हा मार्ग बंद, आणि नेव्हिगेशनची खरी गरज नेमकी अशाच केसला असते. तिथे स्क्रूचा आग्रह धरा.

ट्रॅकर. डोक्याला बांधायचा बँड सायनसला चालतो कारण डोकं सरळ असतं. कानाला ओटीतले मामा डोकं ५०-६० अंश वळवतात, खाली रिंग, बाजूला टॉवेल, मग ड्रेप, ड्रेपला टाके, मग रिट्रॅक्टर कातडी पुढे ओढतो आणि बँड कातडीबरोबर जातो. परवाचंच सांगतो, नाकाच्या शेंड्यावर बरोबर येत होतं, डोकं वळवल्यावर सगळीकडे एकाच दिशेला चूक, वरच्या बाजूला, मास्टॉइडवर पण आणि कपाळावर पण. मी सरांना म्हटलं, "सर, एक मिनिट ड्रेप टाकू नका." बँडच्या कडेनं आधी स्किन पेनानं रेघ ओढलेली होती, बघितलं तर बँड रेघेपासून २ मिमी वर गेलेला आणि कपाळाला बारीक सुरकुती पडलेली. बँड सोडून परत बांधला, त्याच वळवलेल्या पोझिशनला परत रजिस्ट्रेशन केलं, चूक गेली. सर म्हणाले, "अरे मग आधीच वळवून का करत नाही?" तेच तर सांगायचंय. डोकं शेवटच्या पोझिशनला नेऊन, टेबल तिरकं करायचं असेल तर तिरकं करून, मग रजिस्ट्रेशन. लेझरला दुसरी बाजू दिसत नाही अशी अडचण येते, मग कॅमेरा हलवा, पेशंट नको. आणि जिथे जमेल तिथे ट्रॅकर हाडात स्क्रूनं बसवा, चिरेच्या मागे कवटीवर, कातडीचा विषयच संपला. लहान मुलांची कवटी पातळ असते, तिथे स्क्रूची लांबी आणि जागा सर ठरवतील.

आता एक युक्ती, फुकटची आहे आणि भारी आहे. हाड उघडं झालं, नेव्हिगेशन बरोबर आहे याची खात्री झाली, की ड्रिलिंग सुरू करायच्या आधी बारीक बरनं (ड्रिलच्या टोकानं) हाडाच्या पृष्ठभागावर चार ठिकाणी छोटे खळगे पाडा, जिथे पुढे पोकळी होणार नाही अशा जागी, एकमेकांपासून लांब. पॉइंटरचं टोक त्यात नीट बसलं पाहिजे एवढेच. ते चारही बिंदू मशीनमध्ये सेव्ह करा. पुढे दोन तासांनी कुणाच्या कोपरानं ट्रॅकर हलला तर ड्रेप काढायची गरज नाही, त्याच चार खळग्यांवर परत रजिस्ट्रेशन. एवढं केलेलं असेल तर "आता बंद करा ते मशीन" म्हणायची पाळी येत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे कुठल्या नावानं आहे ते आधी शोधून ठेवा, ऐनवेळी मेन्यू सापडत नाही.

हत्यारांचं थोडक्यात. बर बदलला की लांबी बदलते, कॅलिब्रेशन परत. ४ मिमीचा बर काढून २ चा लावला आणि सिस्टरनं कॅलिब्रेशनच्या खाचेत टेकवला नाही तर टोकाची चूक थेट स्क्रीनवर येते, आणि ही चूक सगळ्यात धोक्याची कारण ती ड्रिलच्या बाबतीतच होते. पॉइंटर ऑटोक्लेव्हच्या ट्रेमध्ये जड हत्यारांखाली जातो आणि किंचित वाकतो, डोळ्याला कळत नाही. टोक एका खळग्यात टेकवून पॉइंटर गोल फिरवा, स्क्रीनवर टोक जागेवर राहिलं पाहिजे, फिरायला लागलं तर वाकलाय. मार्कर गोळ्या एकदा वापरायच्या असतात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्या किती वेळा वापरल्या जातात हे पण सगळ्यांना माहीत आहे, निदान ओरखडे पडलेल्या, पिवळ्या झालेल्या तरी फेकून द्या आणि प्रत्येक गोळी शेवटपर्यंत दाबून बसलीय का बघा.

कॅमेऱ्याला चालू केल्याबरोबर कामाला लावू नका, त्याला गरम व्हायला काही मिनिटं लागतात, त्याच्या मॅन्युअलमध्ये वेळ दिलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात ओटीचा एसी केसच्या जरा आधी सुरू होतो, कॅमेऱ्यावर थेट एसीचा झोत येतो, तर तोंड वळवून ठेवा आणि खोली थंड होऊन स्थिर झाल्यावर रजिस्ट्रेशन करा. भाड्याचं मशीन पुणे-सोलापूर रस्त्यानं अडीचशे किलोमीटर टेम्पोत हादरत येतं. काही कॅमेऱ्यांत धक्क्याची नोंद घेणारा सेन्सर असतो, चालू केल्यावर तसा इशारा आला तर ओके दाबून पुढे जाऊ नका, चाचणीच्या ब्लॉकवर तपासून घ्या. इलेक्ट्रोमॅग्नेटिकवाल्यांनी फील्ड जनरेटरजवळून लोखंडी ट्रे, मोबाईल, ड्रिलची मोटर लांब ठेवायची, मायक्रोस्कोप आत आणला की परत एकदा ओळखीच्या बिंदूवर तपासायचं, कारण मायक्रोस्कोपच्या धातूनं फील्ड वाकतं आणि मशीन दरवेळी इशारा देईलच असं नाही.

ऑपरेशन चालू असताना काय करायचं. प्रत्येक टप्प्यावर जे हाड ओळखू येतं त्याच्यावर पॉइंटर टेकवून स्क्रीन बघायची: आधी कॉर्टेक्स (हाडाचा वरचा थर), मग टेग्मेन (मेंदूखालचं हाड) आणि सिग्मॉइडची (मोठ्या शिरेवरची) प्लेट, मग लॅटरल सेमिसर्क्युलर कॅनालचा (तोल सांभाळणाऱ्या नळीचा) उंचवटा, मग इन्कसचा (कानातल्या छोट्या हाडाचा) आखूड काटा. शेवटचे दोन महत्त्वाचे, कारण फेशियल नर्व्ह त्यांच्या शेजारूनच जाते, तिथली चूक म्हणजे जवळपास नर्व्हजवळची चूक. किती मिमी आणि कुठल्या दिशेला, हे सिस्टरना बोर्डवर लिहायला सांगा. "जरा बाहेर दाखवतंय" असं नको, "१ मिमी बाहेर, अर्धा वर" असं हवं. इन्कसवर १ च्या आत असेल तर सर त्याचा आधार घेतील, २ च्या पुढे असेल तर मी तोंडावर सांगतो की सर आता हे फक्त साधारण कुठे आहोत ते कळण्यापुरतं. नर्व्ह मॉनिटर लावलेला असतोच, तो नेव्हिगेशन चालू आहे म्हणून बंद ठेवायचा नाही, आणि मॉनिटरला त्रास नको म्हणून भूल देताना स्नायू सैल करणारं औषध नंतर चालू ठेवायचं नाही हे मॅडमना आधीच माहीत असतं, तरी एकदा विचारून घ्या.

एवढं करून पण चूक राहिली तरच सर्व्हिसला फोन करा, आणि फोन करताना "मशीन चुकतंय" एवढंच सांगू नका, तो परत ब्लॉकवर पास करून जाईल. सीटीची स्लाइस किती, कुठले बिंदू घेतले, ट्रॅकर कातडीवर का हाडात, डोकं वळवायच्या आधी रजिस्ट्रेशन का नंतर, पाच ठिकाणच्या चुका मिमीत आणि दिशेसकट, आणि त्या केसची लॉग फाइल पेनड्राइव्हवर काढलेली. लॉग फाइल मशीन परत पाठवायच्या आधीच काढा, भाड्याच्या मशीनवर पुढच्या गावी गेल्यावर ती कुणी जपून ठेवत नाही.